दोष तांबड्या भाजीवर गेला

वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा पिशवीतून त्यांनी एक दोनशे पानी वही काढली. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पानात काय काय वाढलं, ते आठवेल तसं त्यांनी लिहून आणलं होतं. लोणची एका पानावर, सुकी मासळी दुसऱ्या, तळणीचं तिसऱ्या. काही ओळींखाली लाल रेघा. "ताई, यातलं नेमकं कशानं झालं तेवढं सांगा. ते घरात परत येणार नाही."

त्यांच्या यजमानांचं वय ५४. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्याचा गाठ असलेला भाग शस्त्रक्रियेनं काढला होता. मी आहारतज्ज्ञ आहे, फोंड्याला बसते. या दोघांना इथे वहिनी आणि भाऊ एवढंच म्हणते. गाव सांगत नाही, उत्तर गोव्याच्या खाणपट्ट्यातलं आहे एवढं पुरे. त्यांना विचारूनच लिहिते आहे. वहिनींचा प्रश्न मला वरचेवर कोणी ना कोणी विचारतं, आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या डोळ्यांत तोच अपराधीपणा असतो.

टिप्पर उभे राहिले तेव्हा

भाऊंचे दोन टिप्पर होते, बँकेच्या कर्जावर घेतलेले. खनिजाच्या फेऱ्या मारायच्या. पहाटे घरून निघताना उकड्या तांदळाची पेज, सोबत सुकी मासळी नाहीतर आदल्या रात्रीचं आळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचा रस्सा. दुपारी डबा. टिप्परवर चढ-उतार, ताडपत्री ओढणं, चिखलातून चालणं हे सगळं रोजचं. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१५ मध्ये काम पुन्हा थोडं हललं आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद पडलं. एक टिप्पर विकला, दुसरा अंगणात गंजला. भाऊ किनारपट्टीवर टॅक्सी चालवू लागले. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि रात्रीच्या फेऱ्या वाढल्या.

आहाराचा इतिहास घेताना मी काय खाता एवढंच कधी विचारत नाही, कधी आणि कुठे खाता तेही विचारते. माणूस कामाच्या मागे जातो आणि त्याचं पान त्याच्या मागे जातं. भाऊंचा टॅक्सीच्या काळातला एक साधा गुरुवार मी त्यांच्याकडून घड्याळाप्रमाणे वदवून घेतला. सकाळी साडेपाचला चहा आणि सहा बिस्किटं. नऊच्या सुमारास रस्त्यालगतच्या गाड्यावर चोरीस-पाव (चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज), आठवड्यातून चार वेळा तरी. दुपारी दोनला फिश थाळी: पांढरा भात, हुमण, रव्यात तळलेला बांगडा, कोपऱ्यात चमचाभर भाजी, ती बहुतेक वेळा तशीच परत जायची. संध्याकाळी सामोसा. रात्री गाडी लावल्यावर बिअरच्या दोन मोठ्या बाटल्या, आणि उशीर झालेला म्हणून जेवण थोडंच. फळ? त्यांनी विचार करून सांगितलं, "चवथीला खातो की."

त्या दिवसाचा हिशेब मी मांडला. तंतूमय पदार्थ १४ ग्रॅमच्या आसपास निघाले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. भाऊंच्या पोटात भाजी-फळ मिळून शंभर ग्रॅमही जात नव्हतं. ६५० मिलिलिटरच्या साध्या बिअरच्या एका बाटलीत जवळपास २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे रोजचं ५० ग्रॅम. उंची १६७ सेंटिमीटर, आजाराआधीचं वजन ८४ किलो, आणि त्यातलं बरंचसं पोटावर.

वहिनींच्या वहीत यातलं काहीच नव्हतं. वहीत फक्त त्यांच्या स्वयंपाकघरातलं होतं.

पाच महिने

जून २०२४ मध्ये भाऊंना शौचाला पहिल्यांदा लाल दिसलं. पावसाळ्याची सुरुवात, बाजारात तांबड्या भाजीच्या, म्हणजे लाल माठाच्या, जुड्या आलेल्या. वहिनी परसातली तांबडी भाजी कांदा-खोबरं घालून करायच्या, आणि घरी असतील त्या दिवशी भाऊ ती आवडीनं खायचे. त्यांच्या आहारातली खरीखुरी पालेभाजी तेवढीच. भातालासुद्धा जिचा रंग लागतो तिचा रंग पुढेही उतरणारच, असं दोघांनी ठरवलं आणि भाजी बंद केली. लाल दिसणं थांबलं. आठ-दहा दिवस.

आतड्यातली गाठ रोज रक्त सोडत नाही. मल घासून जातो तेव्हा एखाद्या दिवशी सुटतं, मग काही दिवस काहीच नाही. त्या मधल्या कोरड्या दिवसांनी भाजीवरचा आरोप सिद्ध करून टाकला. पुन्हा दिसलं तेव्हा बीटावर गेलं, मग कोकमाच्या कढीवर, आणि शेवटी मूळव्याधीवर. एका दवाखान्यात बोटानं तपासणी न करताच मूळव्याधीच्या गोळ्या आणि मलम मिळालं. शेजारच्यांनी सुरण सुचवला.

आणि एक सल्ला माझा होता. त्या भेटीत वहिनी हळूच म्हणाल्या, "जुलैत तुम्ही आमच्या पंचायतीत बचतगटाच्या बायकांना सांगायला आला होता. मी उभी राहून विचारलं होतं, घरात एकाला शौचाला साफ होत नाही, काय द्यावं." मला ती सभा आठवली. प्रश्न तेवढा आठवला नाही. उत्तर मात्र मला पाठच असतं: पाणी वाढवा, पपई द्या, रात्री इसबगोल. ते उत्तर चुकीचं नव्हतं. वय किती, हे किती दिवसांपासून, रक्त पडतं का, हे तीन प्रश्न मी विचारले नाहीत. इसबगोलानं भाऊंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी दोन महिने गेले. त्या दिवसापासून कोणत्याही सभेत बद्धकोष्ठाचा प्रश्न आला की मी आधी हे तीन प्रश्न विचारते आणि मगच पपईचं नाव घेते.

नोव्हेंबरात जिना चढताना भाऊंना धाप लागली. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचं रक्त कारण नसताना कमी झालं तर आतड्याकडे बघावंच लागतं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, डाव्या बाजूला, सिग्मॉइड नावाच्या खालच्या वळणात, गाठ दिसली आणि बायोप्सीनं कर्करोग सांगितला. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या १७ लसिका ग्रंथींपैकी दोनमध्ये पेशी सापडल्या, म्हणजे तिसरा टप्पा. तिसऱ्या टप्प्यातल्या कमी धोक्याच्या गटात ते बसत होते, म्हणून तीन महिन्यांची केमोथेरपी ठरली: तीन आठवड्यांचं एक चक्र, अशी चार चक्रं.

वहीवरची लाल रेघ

मी वहिनींना पहिली गोष्ट सांगितली ती अशी: अशी गाठ साध्या पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या लहानशा वाढीपासून, वाढायला बहुधा दहा वर्षांच्या आसपास लागतात. म्हणजे तुमच्या वहीतला कुठलाही एक दिवस, कुठलंही एक लोणचं गुन्हेगार ठरू शकत नाही. अन्न शक्यता कमी-जास्त करतं. भाऊंसारखं खाऊन ऐंशी वर्षं जगणारे आहेत, आणि आयुष्यभर शाकाहारी राहून या आजाराशी झगडणारेही माझ्याकडे येतात.

मग आम्ही एकेक रेघ घेतली.

चोरीस. २०१५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं आठशेहून अधिक अभ्यास तपासून प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे कर्करोगाला कारण ठरतं याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी. मीठ, व्हिनेगर, धूर, वाळवण यांनी टिकवलेलं मांस, म्हणजे आपलं गोव्याचं सॉसेजही त्यात आलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब. तंबाखूही याच गटात आहे म्हणून वहिनी घाबरल्या. गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, घाव किती खोल आहे ते सांगत नाही. समजा हजार माणसांत वीस जणांना आयुष्यात हा आजार होणार असेल, तर रोज प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्या हजारांत तेवीस-चोवीस जणांना होईल. साध्या लाल मांसाला त्यांनी 'बहुधा' कारण ठरणाऱ्या गटात ठेवलं आहे.

बिअर. वहीत नव्हती, मी लिहायला लावली. रोज ३० ग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की या कर्करोगाचा धोका वाढतो, याचा पुरावा भक्कम आहे. भाऊ त्याच्या दीडपट-पावणेदोनपट घेत होते. पोटावरची चरबी आणि दिवसभर गाडीत बसणं याचाही पुरावा तसाच भक्कम. माझ्या मते भाऊंच्या बाबतीत चोरीसापेक्षा या तीन गोष्टींचं पारडं जड आहे. पण पाहुण्यांपैकी कोणीही आजाराच्या बिछान्याशी बसून बिअरचा विषय काढत नाही, सगळे मांसावर बोलतात.

मासे. वहिनींनी उष्ण पडतात म्हणून बंद केले होते. मी त्याच दिवशी सुरू करायला सांगितले. मासळीनं धोका वाढतो असा पुरावा नाही, उलट थोडा कमी होत असावा असे संकेत आहेत. शस्त्रक्रियेनंतर नऊ किलो वजन उतरलेल्या माणसाला प्रथिनं हवी होती, आणि वाफवलेली मोरी (लहान शार्क) किंवा पातळ कालवणातला बांगडा त्यांच्या गळ्याखाली सहज उतरत होता.

दूध-दही. इथे वहिनींना आश्चर्य वाटलं. ब्रिटनमधल्या ५,४२,७७८ स्त्रियांच्या आहारातले ९७ घटक तपासणारा अभ्यास २०२५ च्या जानेवारीत आला. त्यात रोज ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांत, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध, धोका १७ टक्क्यांनी कमी दिसला.

आता भाज्या आणि फळं. सगळ्यांना सर्वांत जास्त आशा इथेच असते. भाऊंच्या घरी पाहुण्यांनी किवी, ड्रॅगनफ्रूट, ब्रोकोली असं काय काय आणून ठेवलं होतं. एकानं गव्हांकुराच्या रसाची बाटली दिली, वर साखर बंद केली की गाठ उपाशी मरते असंही सांगितलं. मला इथे खरं बोलावं लागलं. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१८ च्या अहवालात धोका कमी करणाऱ्यांच्या पक्क्या यादीत अख्खी धान्यं, तंतूमय अन्न, दूध आणि शारीरिक हालचाल आहेत. फळं आणि भाज्या स्वतःच्या नावावर त्या यादीत नाहीत. अगदीच कमी खाणाऱ्यांचा धोका वाढतो असे संकेत आहेत, पण रोज तीन वाट्या खाणाऱ्यानं सहा केल्या म्हणून दुप्पट संरक्षण मिळालं असं दिसत नाही. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक लोकांवर चार वर्षांचा प्रयोग झाला, तो २०००मध्ये प्रसिद्ध झाला. पॉलिप काढलेल्या निम्म्या लोकांना कमी चरबीचा, भरपूर तंतू-भाज्या-फळांचा आहार दिला. पॉलिप पुन्हा उगवण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं.

"मग भाजी खाऊन उपयोग काय?" वहिनींनी विचारलं. उपयोग आहे, पण तो चार वर्षांत मोजून दाखवता येईल असा नाही, आणि एका फळात मावेल असाही नाही. आपल्याला न पचणारा तंतू मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न असतो. ते त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात. पेशी धडधाकट राहतात, मल लवकर पुढे सरकतो, अपायकारक द्रव्यं भिंतीला कमी वेळ लागून राहतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस आफ्रिकी-अमेरिकन आणि वीस ग्रामीण दक्षिण आफ्रिकी माणसांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांना रोज ५५ ग्रॅम तंतू मिळाले, त्यांचं ब्युटिरेट अडीचपट वाढलं आणि अस्तरातली दाहाची लक्षणं उतरली. दक्षिण आफ्रिकेतल्यांत याच्या उलट झालं. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही की जात नाही, पण जमीन किती लवकर बदलते ते कळतं. पंचवीस अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये काढलेला निष्कर्षही त्याच दिशेचा आहे: रोज १० ग्रॅम तंतू जास्त, तर धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी. त्यातही धान्यांतल्या तंतूंचा वाटा मोठा.

हे १० ग्रॅम किवीतून आणायची गरज नाही. शंभर ग्रॅम नाचण्यात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. आळसांदेही अकराच्या आसपास. शंभर ग्रॅम पेरूत आठ-साडेआठ. टिप्परच्या काळातली ती पहाटेची पेज आणि तोणाक भाऊंना अर्ध्या वाटेवर सकाळीच नेऊन ठेवत होतं. मी हे सांगितलं तेव्हा वहिनी बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या.

पुन्हा पान मांडताना

लगेच पेरू आणि नाचणी दिली असती तर मात्र चूक झाली असती. कापून जोडलेल्या आतड्याला पहिले काही आठवडे मऊ, कमी चोथ्याचं अन्न लागतं: मऊ भात, मुगाचं वरण, दही, उकडलेलं अंडं, साल काढलेला भोपळा. त्या काळात 'तंतू खा, तंतू खा' म्हणणारे नातेवाईक मी फोनवर थांबवले. केमोथेरपीत दोन वेळा जुलाब झाले, तेव्हाही पालेभाजी बंद ठेवली. कच्ची कोशिंबीर तर पूर्ण बंद, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना न शिजवलेल्या पाल्यावरचा एखादा जंतूही महागात पडतो. गव्हांकुराची बाटली परत गेली. साखर अगदी तोडली नाही. वजन उतरत असलेल्या माणसाची ताकद त्यानं आणखी उतरते, गाठ उपाशी मरत नाही.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आहे. मार्चमध्ये, तिसऱ्या चक्रानंतर, मी घरी गेले होते. भाऊंनी फ्रिज उघडून सोलकढीचा तांब्या बाहेर काढला आणि हात झटकन मागे घेतला. तांब्या ओट्यावर आडवा झाला, गुलाबी कढी फरशीवर पसरली. ऑक्झालिप्लॅटिन नावाच्या औषधानं थंड वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्यांचे चटके बसतात. मी हे आधीच सांगून ठेवलं होतं, भाऊ विसरले होते. त्या फरशीवरच्या रंगाकडे दोघं नवरा-बायको काही न बोलता बघत होते. मग वहिनींनी फडकं आणलं. त्या दिवसानंतर कढी चुलीवर कोमट करून येऊ लागली.

एप्रिलमध्ये उपचार संपले. तिथून दर आठवड्याला थोडे थोडे तंतू वाढवले. आधी उकड्या तांदळाची पेज, मग आठवड्यातून तीनदा नाचण्याचं तिजान (पातळ खीर), मग भिजवून चांगले शिजवलेले आळसांदे. पोदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घेतात त्याऐवजी पोयी, म्हणजे कोंड्याचा पाव, पण कोंडा पिठात मळलेला आहे की वरून भुरभुरला आहे हे विचारून. दुपारी पानाचा अर्धा भाग भाजीचा, मग ती सात शिरांची भेंडी असो, आगशीचं वांगं असो किंवा नुसता दुधी. हंगामातलं एक फळ. बिअर बंद. चोरीस वर्षातून एक-दोनदा, कोणाच्या घरी मानानं वाढलं तर. मी त्यांना सोडून द्या म्हटलं नाही. वर्षातल्या दोन वेळांनी काही बिघडत नाही आणि मनाई केलेलं अन्न माणसाच्या डोक्यात घर करतं.

जूनमध्ये एक बातमी आली आणि ती मी मुद्दाम भाऊंना वाचून दाखवली. आतड्याच्या कर्करोगाची केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत आजार परतणं, नवा कर्करोग किंवा मृत्यू याचा धोका २८ टक्क्यांनी कमी होता. आठ वर्षांनी त्यांच्यातले ९० टक्के जिवंत होते, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांतले ८३ टक्के. भाऊ आता पहाटे पाऊण तास जोरात चालतात, त्यानंतरच गाडीला हात.

राहिला भावंडांचा प्रश्न. खरं तर तो सर्वांत आधी यायला हवा होता. आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कोणाला हा आजार झाला तर तपासणी चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा सुरू करायची. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी आहे, आतड्यासाठी नाही. म्हणजे हे घरालाच लक्षात ठेवावं लागतं. भाऊंचा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा, पक्का शाकाहारी, वारकरी माळ घातलेला. तो म्हणाला, "मी मांसाला शिवत नाही, मला कशाला?" वहिनी त्याच्या घरी गेल्या. आतडं साफ करण्याचं औषध पाण्यात कालवून पेल्यामागून पेले पाजत, रात्री उशिरापर्यंत त्याच्याजवळ बसून राहिल्या.

चवथीच्या आधी मी गेले तेव्हा माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान अंगणात पडलं होतं आणि परसात तांबड्या भाजीचा वाफा पुन्हा उगवला होता. वहिनींनी ती वही आणून दाखवली. पुढची पानं फाडून टाकली होती. मागच्या एका पानावर त्यांच्या अक्षरात तीन ओळी होत्या, दीर, नणंद आणि मुलाच्या नावानं:

भावजी: जुलै, एक पॉलिप, काढला. पुन्हा २०३०.

वन्सं: तारीख घ्यायची.

बाबू: २०४१.